लिस्बनला जेवायचं तर दुपारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चौघं पाच दिवसांसाठी लिस्बनला येताय. उतरणार रविवारी दुपारी, मुक्काम बायशात, म्हणजे शहराच्या मधल्या सखल भागात. बाबा मूळचे मालवणचे, ताटात मासा नसला तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. आई शाकाहारी, अंडं चालतं, पण मांसाच्या पाण्यात शिजलेलं काही नको. तुम्ही दोघं गोमांस सोडून सगळं खाता आणि वाइन चाखायची हौस आहे. कुठे खावं, काय प्यावं, याची यादी तुम्हाला हवी आहे.

मी वेंगुर्ल्याची. गेली बारा वर्षं लिस्बनमध्ये स्वयंपाकघरांत काम करते. सुरुवातीची वर्षं भांडी घासण्यात आणि भाजी चिरण्यात गेली, मग चुलीशी आले, आणि आता एका छोट्या ताश्कात दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. ताश्का म्हणजे आपल्या खानावळीच्या जवळची जागा: दहा-बारा टेबलं, टेबलावर कागद पसरलेला, मालक स्वतः वाढणार. नावं मी खाली देतेच आहे, पण आधी एक गोष्ट पक्की धरा. दिवसाचं मुख्य जेवण दुपारी घ्या आणि ते ताश्कात घ्या. लिस्बनचा खरा स्वयंपाक दुपारी होतो.

त्याचं कारण स्वयंपाकघरात उभं राहिलं की कळतं. सकाळी आठला आम्ही ठरवतो आज काय करायचं. मासळी काय आली, काय स्वस्त मिळालं, हवा कशी आहे, यावर दोन-तीन पदार्थ ठरतात. त्याला 'प्रातु दु दिया' म्हणतात, आजचा पदार्थ. मालक ते हाताने कागदावर लिहितो आणि दाराला किंवा काचेला चिकटवतो. साडेबारा ते तीन या वेळात आसपासचे कारकून, रंगारी, बँकवाले, निवृत्त मंडळी येतात आणि सगळं संपवून जातात. हीच माणसं उद्याही यायची असतात, त्यामुळे त्यांना शिळं वाढायची कुणाची छाती नाही. ताट साधारण 9 ते 13 यूरोला पडतं, कुठे कुठे त्यात सूप आणि कॉफीही येते. त्याच जागी रात्री पूर्ण मेनूकार्ड पुढे येतं, भाव चढतात, आणि पुष्कळ पदार्थ थंड पेटीतून निघतात.

तेव्हा रस्त्यावरून जाताना जेवणाच्या फोटोंचे फलक बघू नका, हाताने लिहिलेला कागद शोधा. कागदावर आजची तारीख किंवा वार असेल, दोन-तीनच नावं असतील, अक्षर लागत नसेल, तर आत जा. बायशातल्या मुख्य पादचारी रस्त्यावर, रुआ आउगुश्तावर, दारात उभं राहून हात धरून बोलावणारी माणसं भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे चला. सव्वाबारा-साडेबारालाच पोचलात तर जागा मिळेल. एक वाजला की दारात रांग.

आता बाबांबद्दल, कारण त्यांच्यासाठी हे शहर माहेरासारखं आहे. सप्टेंबरात सार्डिनचा हंगाम चालू असतो. म्हणजे आपल्या तारल्यांचं, पेडव्यांचं भावंड, फक्त अंगाने जास्त भरलेलं. जूनमध्ये सांतु आंतोनियुचा सण असतो, 12 जूनच्या रात्री अल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत दारोदारी शेगड्या पेटतात आणि सगळं शहर सार्डिनच्या धुराने भरून जातं. तुमचा तो सण हुकणार, पण सार्डिन सप्टेंबरातही चरबीने चांगली भरलेली असते. ती साफ करत नाहीत. खवले आणि आतडी तशीच ठेवून जाडं मीठ लावून निखाऱ्यावर टाकतात. बाबांना हे सुरुवातीला विचित्र वाटेल, पण त्या कातडीमुळेच आतलं मांस कोरडं पडत नाही. खायची रीतही सांगा त्यांना: मासा ब्रेडच्या तुकड्यावर ठेवायचा, बोटांनी कातडी सोलायची, काट्यावरचं मांस काढून खायचं. चार-पाच मासे त्याच तुकड्यावर होतात. तोवर ब्रेड तेलाने आणि मिठाने गच्च भिजलेला असतो, तो शेवटी खायचा. मला विचाराल तर सगळा खटाटोप त्या शेवटच्या घासासाठी.

कागदावर 'कारापाउ', 'कावाला', 'दोरादा', 'रोबालु', 'लुलाश', 'शोकु', 'पोल्वु' अशी नावं दिसतील. कावाला हा आपल्या बांगड्याचा नातेवाईक. स्वस्त आहे म्हणून पर्यटक त्याकडे वळत नाहीत, तुम्ही जरूर वळा. लुलाश म्हणजे माकुल, शोकु त्याचाच भाईबंद. कारापाउ, दोरादा, रोबालु हे सगळे मासेच. पोल्वु म्हणजे ऑक्टोपस. तो आधी उकडून, मग भट्टीत लसूण आणि भरपूर ऑलिव्ह तेलात भाजून, सालासकट ठेचलेल्या बटाट्यांबरोबर देतात. चांगला झाला असेल तर काट्याने तुटतो. अमेइझुअश म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातीचं. 'अ बुल्यांउ पातु' हा त्यांचा प्रकार एका कवीच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि मूठभर कोथिंबीर असते. हो, कोथिंबीर. युरोपात बाकीकडे कोथिंबिरीची पारख फारशी नाही, पण पोर्तुगाली माणूस ती आपल्यासारखीच जुडीने घेतो. 'कुएंत्रुश' हा शब्द पाठ करा. मी पहिल्यांदा इथल्या बाजारात कोथिंबिरीचा वास घेतला तेव्हा मला रडू आलं होतं.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, सोमवारी ताजा मासा मागू नका. रविवारी बहुतेक बोटी समुद्रावर जात नाहीत, त्यामुळे सोमवारचा 'ताजा' मासा शनिवारचा असायची शक्यता मोठी. सोमवारी बाकाल्याउ खा, त्याबद्दल खाली सांगते. दुसरी, अख्खा मासा किलोच्या भावाने लावला असेल तर आधी वजन करून दाखवायला सांगा आणि किती होतील ते विचारा. यात कुणाला वाईट वाटत नाही, इथली माणसंही विचारतात.

बाकाल्याउ म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा, इथला जीव की प्राण. गंमत अशी की हा मासा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मिळतच नाही. तो नॉर्वे, आइसलंडकडच्या थंड पाण्यातून येतो. शतकानुशतकं इथली माणसं त्यासाठी अटलांटिक ओलांडून जात, आणि घरी येईपर्यंत टिकावा म्हणून तो मिठात घालत. आपण पावसाळ्याची बेगमी म्हणून खारा बांगडा, सुकट ठेवतो, तसंच हे, पण इथे तो अडीअडचणीचा नाही तर नाताळच्या रात्रीचा मासा आहे. आमच्या ताश्कात त्याची तयारी दोन दिवस आधी सुरू होते. लाकडासारखे कडक तुकडे वाहत्या पाण्याखाली घासायचे, मोठ्या टबात कातडी वर करून ठेवायचे, म्हणजे सुटलेलं मीठ खाली बसतं, आणि टब थंड पेटीत. दर काही तासांनी पाणी बदलायचं. जाड तुकड्याला अट्ठेचाळीस तास सहज लागतात. पाणी बदलताना मी मधल्या जाड भागातून नखाएवढा पापुद्रा काढून कच्चाच चावून बघते. जिभेला मीठ कळलं पाहिजे पण घसा कोरडा पडता कामा नये. एवढ्या एका अंदाजावर तुमचं ताट बनतं किंवा बिघडतं, मग वरून काहीही घाला. खारट बाकाल्याउ पुढ्यात आलं तर निःसंकोच परत करा. तो पाककृतीचा दोष नसतो, पाणी बदलायचा कुणीतरी कंटाळा केलेला असतो.

पहिल्यांदा खाणाऱ्याने 'बाकाल्याउ अ ब्राश' घ्यावं: माशाचे तंतू, काडीसारखे तळलेले बटाटे, कांदा, आणि सगळ्याला जेमतेम धरून ठेवील इतकंच ओलसर अंडं, वर काळे ऑलिव्ह. हा लिस्बनचाच, बाइरु आल्तु भागातला पदार्थ. अंडं घट्ट भुर्जीसारखं झालं असेल तर स्वयंपाक्याने घाई केली समजा. बाबांना मात्र निखाऱ्यावर भाजलेला जाड तुकडा द्या. मोरारिया भागातल्या 'झे दा मोरारिया'मध्ये तो परातभर येतो, दोघांना एक पुरतो. माशाच्या वड्यांपैकी पोटात चीज भरलेला महागडा प्रकार शहरभर दिसेल. तो अलीकडचा, पर्यटकांसाठी काढलेला प्रकार आहे. वडा हवा तर साध्या कॅफेच्या काचेच्या कपाटातला घ्या, बटाटा-मासा-पार्सली एवढंच असलेला.

भात हा इथला दुसरा आनंद. युरोपात सर्वांत जास्त भात खाणाऱ्या लोकांत यांचा नंबर लागतो, आणि यांचा देशी तांदूळ 'कारोलिनु' तेजु, सादु, मोंदेगु या नद्यांच्या खोऱ्यांत पिकतो. दाणा रस पिणारा. त्याचा 'मालांद्रिन्यु' भात करतात, म्हणजे आपला गुरगुट्या भात, चमच्यातून ओघळणारा. टोमॅटोचा, राजम्यासारख्या घेवड्याचा, कोबीच्या पानांचा, समुद्री मेव्याचा. हा भात थांबत नाही. चुलीवरून उतरला की दहा मिनिटांत रस पिऊन घट्ट होतो. म्हणून वाढपी तो घेऊन धावत येतो, आणि म्हणून तो आला की फोटो काढत बसू नका. तिसऱ्या-कोळंबीचा भात भांड्यातच रटरटत टेबलावर येतो, तुम्हा तिघांसाठी तो एका दुपारी नक्की घ्या.

आता तुमच्या आईंचं. इथे मी गोड बोलून फसवणार नाही: पारंपरिक पोर्तुगाली स्वयंपाकात शाकाहार ही कल्पनाच नव्हती. वाढपी मनापासून 'यात मांस नाही' म्हणेल आणि ताटात हॅमचे तुकडे निघतील, कारण त्याच्या लेखी हॅम म्हणजे चवीपुरतं काहीतरी. 'कार्न' म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे फक्त मोठा तुकडा येतो, आणि मासा तर 'कार्न'मध्ये धरतच नाहीत. तेव्हा 'शाकाहारी' एवढ्यावर थांबू नका. बोट पदार्थावर ठेवून विचारा: 'लेवा कार्न? लेवा शोरिसु? लेवा पेश?' म्हणजे यात मांस, शोरिसु, मासा पडतो का. शोरिसु हा डुकराच्या मांसाचा लाल सॉसेज, गोव्याच्या चोरिसाचा मूळपुरुष, आणि तो कुठेही लपलेला असतो. 'काल्दु वेर्द' या प्रसिद्ध सूपमध्ये बटाट्याची पेज आणि केसासारखी बारीक चिरलेली हिरवी कोबीची पानं, सगळं सात्त्विक, पण वाढताना वर शोरिसुची चकती आणि पुष्कळदा तिच्याच रसात उकळलेलं. रोजचं भाजीचं सूप, 'सोपा द लेगुमश', बहुतेक ताश्कांत खरोखर नुसत्या भाज्यांचं असतं. बटाटा, गाजर, कांदा, भोपळा उकडून घोटलेला आणि वर पालक किंवा फरसबी. दोन-तीन यूरोत मोठा वाडगा. आमच्याकडे ते रोज सकाळी सगळ्यात आधी चुलीवर चढतं.

आईंसाठी सगळ्यात खात्रीचा पदार्थ 'पेशिन्युश दा ओर्ता'. नावाचा अर्थ बागेतले छोटे मासे, प्रत्यक्षात फरसबीच्या अख्ख्या शेंगांची भजी, मैदा-अंड्याच्या पिठात. सोळाव्या शतकात पोर्तुगाली लोकांनी ही तळणाची रीत जपानला नेली आणि तिथे तिचा तेंपुरा झाला, असं मानतात. तळण मासे तळलेल्या तेलातलं नाही ना, एवढं विचारून घ्या. त्याखेरीज टोमॅटोचा भात, ऑम्लेट, ताजं पांढरं चीज, ऑलिव्ह तेलात परतलेली पालेभाजी ('ग्रेलुश'), आणि छोट्या अख्ख्या बटाट्यांचं भाजकं. कागदावर यातलं काही नसलं तरी मालकाला शांतपणे सांगितलं की 'भात, दोन अंडी आणि भाजी द्या', तर नाही म्हणणारा मला फारसा दिसला नाही. गर्दीच्या ऐन वेळी मात्र सांगू नका, साडेबाराला सांगा.

आणि एका दुपारी आईंना मेट्रोने उत्तरेकडे लुमियार भागात न्या. तिथे आलामेदा महात्मा गांधी नावाच्या रस्त्यावर राधाकृष्णाचं मंदिर आहे, पोर्तुगालच्या हिंदू समाजाने बांधलेलं. यातले बहुतेक गुजराती, दीवहून आणि मोझांबिकमधून आलेले. मंदिराच्या आवारात शाकाहारी भोजनगृह आहे. वेळा बदलतात, आधी फोन करून जा. डाळ, भात, पोळी, भाजी, तेही बिनधास्त. परगावी तीन दिवस प्रत्येक घासाला 'यात काय आहे' विचारून माणूस दमतं, न विचारता जेवायला मिळणं ही मोठी विश्रांती असते. माझी आई आली होती तेव्हा तिने तिथे दोनदा डाळ मागून घेतली.

गोव्याचं नातं तर पदोपदी भेटेल. कुठल्याही कॅफेच्या कपाटात, माशाच्या वड्याशेजारी, तिकोनी 'शामुसा' ठेवलेला असतो. आपला समोसाच, गोवा आणि मोझांबिकमार्गे आलेला, आता इथल्या माणसांना तो स्वतःचाच वाटतो. आत बहुधा खिमा असतो, आईंना देऊ नका. मोरारियात 'तेंतासोइंश द गोआ' नावाची छोटी जागा आहे, शाकुती, सारपातेल, कोळंबीची कढी, शेवटी बेबिंका. तिथे बाबांना घेऊन जाण्यात अर्थ आहे, आपल्याकडची चव पोर्तुगाली ताटात बसल्यावर कशी दिसते ते बघायला. मेनूही तुम्हाला वाटतो तितका परका नाही. पांउ म्हणजे पाव, बाताता म्हणजे बटाटा, कोव्ह म्हणजे कोबी, आनानाश म्हणजे अननस, काजु म्हणजे काजू. हे शब्द त्यांच्याचकडून आपल्याकडे आले. शा म्हणजे चहा. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे पोचली, पण ते स्वतः तिखट खायला शिकलेच नाहीत. बाबांना जेवण मिळमिळीत वाटेल, तेव्हा 'पिरी-पिरी' मागा, मिरचीचं तेल आणून देतील.

तुम्ही गोमांस टाळता म्हणून हे शब्द लक्षात असू द्या: वाका, नोविल्यु, वितेला, आणि नुसतं 'बीफ' लिहिलेलं असलं तरी बहुधा तेच. 'प्रेगु' म्हणजे पावात घातलेला गोमांसाचा तुकडा. 'बिफाना' मात्र डुकराच्या मांसाची, लसूण आणि पांढऱ्या वाइनच्या रसात उकळलेल्या पातळ कापांची, पावात भरून. कामोंइश चौकातल्या 'ओ त्रेवु'मध्ये उभ्याउभ्या खा, वर पिवळी मोहरी. 'सेर्वेझारिया रामिरु' (1956 पासूनची) ही समुद्री मेव्याची नावाजलेली जागा, खेकडे, कोळंबी, तिसऱ्या. रीत म्हणून तिथले लोक शेवटी गोड म्हणून प्रेगु खातात, तुम्ही तो वगळा. खर्च चांगलाच होतो आणि रांग लागते. दुपारी बारालाच दारात उभं राहायची तयारी असेल तर जा, रात्री नको.

बसल्याबसल्या टेबलावर ब्रेड, लोणी, ऑलिव्ह, चीज येईल. हे पाहुणचाराचं नाही. याला 'कुवेर' म्हणतात आणि हात लावला की पैसे लागतात. नवी होते तेव्हा एका ठिकाणी मी आनंदाने सगळं चीज संपवलं आणि जेवणाएवढंच बिल त्याचं भरलं. न मागितलेल्या, हात न लावलेल्या वस्तूचे पैसे लावता येत नाहीत असा कायदाच आहे, म्हणून नको असेल तर लगेच 'नांउ, ओब्रिगादु' म्हणून (बाईने 'ओब्रिगादा') परत द्या. पण ब्रेड आणि ऑलिव्ह ठेवून घ्या, ब्रेड इथे फार चांगला असतो. दुसरा कामाचा शब्द 'मेया दोझ', अर्धी वाढणी. ती एका भुकेल्या माणसाला पोटभर होते. पूर्ण 'दोझ' दोघांची असते. तुम्ही चौघं तीन अर्ध्या आणि आईंचं वेगळं, एवढंच मागवा. बक्षिशीची सक्ती नाही, वरची मोड ठेवली किंवा पाच-दहा टक्के दिले की झालं.

गोडात सगळे तुम्हाला पाश्तेल द नाता सांगतील, म्हणजे पापुद्र्याच्या वाटीत भाजलेलं अंड्या-दुधाचं कस्टर्ड, मीही सांगते. बेलेम भागातली जुनी बेकरी 1837 पासून चालू आहे. 1834 मध्ये देशातले मठ बंद झाले, तेव्हा शेजारच्या जेरोनिमुश मठातली कृती तिथे आली आणि अजूनही मोजक्याच माणसांना ठाऊक आहे. बाहेरची लांब रांग बहुतेक वेळा बांधून नेणाऱ्यांची असते. तुम्ही आत जाऊन बसा, निळ्या फरशांच्या दालनांत शेकडो माणसांची सोय आहे. वर दालचिनीची पूड भुरभुरवा. त्या मठातच वास्को द गामाची कबर आहे, आणि ज्या मसाल्यांसाठी तो कालिकतपर्यंत गेला त्यातली एक चिमूट इथे टेबलावरच्या डबीत मिळते, हे मला दर वेळी आठवतं. कृती गुप्त, त्यामुळे पापुद्र्यात कुठली चरबी आहे ते तिथे कुणी सांगणार नाही. आईंना काळजी वाटत असेल तर कामोंइश चौकाजवळच्या 'मांतेगारिया'त द्या. नावाचाच अर्थ लोण्याचं दुकान, आणि काचेपलीकडे पीठ लाटताना दिसतं. बाकी दुकानांत 'बान्या' हा शब्द विचारा, ती डुकराची चरबी. 'तोसिन्यु दु सेउ' नावाची बदामाची मिठाई दिसली तर त्यातही ती असू शकते. नाता उभं राहून, कोमट असताना खा. हॉटेलवर नेऊन सकाळी खाल्लेला नाता म्हणजे आदल्या दिवशीची कांदाभजी. फिगेरा चौकातली 'कोंफेतारिया नासियोनाल' 1829 पासूनची, तिथे जुन्या मठांच्या, पिवळ्याधमक बलकाच्या मिठाया बघायला तरी डोकवा.

कॉफीला इथे 'बिका' म्हणतात, बोटभर, कडक. काउंटरवर उभं राहून साधारण एक यूरो, बाहेरच्या टेबलावर त्याच कपाला जास्त. आपल्या दुधाळ कॉफीची सवय असेल तर 'गालांउ' मागा, उंच काचेच्या ग्लासात भरपूर दूध. आईंना दुपारी नंतर 'कारियोका द लिमांउ' द्या, गरम पाण्यात नुसती लिंबाची साल. जड जेवणावर याच्यासारखं काही नाही. शियादुतली 'आ ब्राझिलेरा' (1905) आणि कोमेर्सियु चौकातली 'मार्तिन्यु दा आर्काडा' (1782) या दोन्ही जागांशी कवी फेर्नांदु पेसोआचं नाव जोडलेलं आहे. पहिलीत गर्दी फार, कॉफी काउंटरवर पिऊन निघा.

वाइनसाठी दुपारी 'विन्यु दा कासा' घ्या, घरची वाइन, पाव किंवा अर्ध्या लिटरच्या जारमध्ये. ती वाईट असेल तर ती जागाच वाईट. सार्डिनबरोबर 'विन्यु वेर्द': वेर्द म्हणजे हिरवा, पण रंगाचा संबंध नाही, उत्तरेच्या मिन्यु प्रदेशातली ही हलकी, किंचित चुरचुरीत वाइन तरुणपणीच पितात. लिस्बनच्या उंबरठ्यावरची म्हणून दोन नावं सांगते. बुसेलाशची पांढरी, लिंबासारखी आंबूस. आणि सिंत्राजवळच्या कोलारेशची. तिथे वेली वाळूत खोल लावतात. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा खाल्ल्या, पण वाळूत तिला पोचता आलं नाही, त्यामुळे तिथल्या वेली अजून स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. दुर्मीळ आहे, महाग आहे, एक बाटली घ्या. बिअर हवी तर 'इंपेरियाल' म्हणा, वीस सेंटिलिटरचा छोटा ग्लास, गरम व्हायच्या आत संपणारा. संध्याकाळी सांउ दोमिंगुशच्या चौकात 1840 पासूनचं एक बोळकांडीएवढं दुकान आहे, 'आ जिंझिन्या'. आंबट चेरीची दारू, एक घोटभर ग्लास, चेरी हवी की नको ते सांगायचं. चौकातच उभं राहून प्यायची. आईंसाठी बागेतल्या छोट्या लोखंडी टपऱ्यांवर 'कापिले' मिळतं, हंसराज नेच्याच्या पाकाचं थंड सरबत. मला ते आपल्या वाळ्याच्या सरबताच्या पंक्तीतलं वाटतं.

रात्री हलकं ठेवा. 'कोंसेर्वेरा द लिशबोआ' (1930) या दुकानातून डबाबंद सार्डिन आणि कावाला घ्या, ब्रेड, चीज, टोमॅटो, एक बाटली, आणि ग्रासाच्या टेकडीवर जाऊन बसा. फादु, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायचा तर ऐकायलाच जा, जेवायला नको. अल्फामातल्या फादुच्या घरांत कमीत कमी खर्चाची अट असते, ती आधी विचारा, आणि गाणं सुरू झालं की चमचासुद्धा खाली ठेवायचा.

एक दुपार 28 नंबरच्या ट्रामने शेवटपर्यंत, कांपु द ओरिकला जा. 1934 चा मंडई बाजार आहे, आणि आसपासच्या चार-पाच गल्ल्यांत कागद लावलेली दारंच दारं. तिथलं नाव मी मुद्दाम देत नाही, त्या दिवशीचा कागद वाचून ठरवा. दुसरी दुपार काइश दु सोद्रेहून होडीने नदीपलीकडे कासील्याशला, दहा मिनिटं लागतात. भाजलेला मासा खाताना समोर अख्खं लिस्बन दिसतं.

रविवारचं तेवढं आधी ठरवून ठेवा, कारण त्या दिवशी बहुतेक ताश्का बंद असतात आणि तुम्ही दमून, उपाशी उतरणार. हॉटेलजवळ 'शुराश्केरा' शोधा, कोळशावर कोंबडी भाजणारं दुकान. तुम्हा तिघांना अर्धी अर्धी कोंबडी, वर पिरी-पिरी. आईंना भात, सॅलड आणि सुपरमार्केटमधून चीज, फळं. सोमवारी दुपारी बाकाल्याउ. ताजा मासा मंगळवारपासून. आणि आईंसाठी हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा, दाखवायला: 'नांउ कोमु कार्न, नें पेश, नें काल्दु द कार्न. कोमु ओवुश.' मांस नाही, मासा नाही, मांसाचं पाणी नाही, अंडी चालतात.